१० बाय १२ च्या खोलीत गाणं ऐकायला कोणते बुकशेल्फ स्पीकर?

खर्जाचा_शेजारी
मंडळी नमस्कार. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिलाच, चुकलं तर सांभाळून घ्या.

मुलगी ऑगस्टमध्ये बंगलोरला शिकायला गेली आणि तिची खोली रिकामी झाली. ती सुट्टीला येईल ते दिवस सोडून तिथे मी गाणं ऐकत बसावं याला घरातून परवानगी मिळालीय (तोंडी). खोली १० बाय १२, उंची साडेनऊ फूट, एका बाजूला सरकती खिडकी, एका बाजूला लाकडी कपाट, कपाटावर तिच्या बॅडमिंटनच्या ट्रॉफ्या (हलवायच्या नाहीत अशी चिठ्ठी लावून गेलीय), मागच्या भिंतीला टेकून दिवाण. अँप (अ‍ॅम्प्लिफायर) आहे, यामाहा ए-एस३०१. ऐकणं ८० टक्के ख्याल, त्यातही पुरुष गायक जास्त, बाकी नाट्यसंगीत आणि जुनी हिंदी.

स्पीकरसाठी ५०-६० हजार बाजूला काढलेत. यादीत केईएफ क्यू१५०, व्हार्फडेल डायमंड १२.१ किंवा १२.२, आणि एलॅक डेब्यू बी६.२. दुकानात जाऊन ऐकले, एलॅक सगळ्यात भरदार वाटले, पण दुकानातली खोली माझ्या अख्ख्या हॉलएवढी होती आणि सेल्समन एकच गिटारचं गाणं पुन्हा पुन्हा लावत होता. मल्लिकार्जुन मन्सूर लावा म्हटलं तर तो मला फोनमध्ये स्पेलिंग विचारायला लागला. तर काय घ्यावं?

डोंबिवलीकर_पामर
पॉपकॉर्न घेऊन बसलोय. आता महागड्या केबलवाले येणार.

पेठेतला_नाना
एलॅक. साडेसहा इंची वूफर (खालचे सूर काढणारा पडदा) तो साडेसहा इंचीच. ५ इंचात पखवाज ऐकून दाखवा मला. पुढचा धागा.

जवारी
नाना, त्यांनी पखवाज कुठे विचारलाय? ते ख्याल ऐकतात.

साधा हिशोब मांडते. पुरुष गायक साधारण काळी एकमध्ये (पेटीची पहिली काळी पट्टी) गातोय असं धरा. तानपुऱ्याच्या जोडीच्या तारा म्हणजे मध्य सा १३८-१३९ हर्ट्झ, खर्जाची तार त्याच्या निम्मी, ६९. काळी चारमध्ये गाणारी बाई असेल तर खर्ज १०४ च्या आसपास. क्यू१५० ची कंपनीने दिलेली खालची मर्यादा ५१ हर्ट्झ, बी६.२ ची ४४. म्हणजे ख्यालातला सगळ्यात खालचा सूरसुद्धा दोघांच्या आवाक्यात आहे, ४४ आणि ५१ मधला फरक ऐकायला तिथे कोणी गातच नाहीये. डग्ग्याची घुमक त्याच्या जराशी वरखाली, तीही मिळते. पखवाज, पाश्चात्त्य ऑर्गन, आत्ताची डीजेवाली गाणी असली तर गोष्ट वेगळी.

दुसरं, तानपुऱ्याची गंमत मूळ सुरात कमी आणि त्याच्यावर उठणाऱ्या स्वयंभू सुरांत जास्त असते. खर्जातून गंधार बोलतो ना, तो पाचवा स्वयंभू, ३४६ हर्ट्झ. आणि जवारीची जी सळसळ असते ती त्याच्याही पुष्कळ वर, हजारांत. दोन ड्रायव्हरच्या स्पीकरमध्ये वूफरकडून ट्वीटरकडे (वरचे सूर काढणारा छोटा पडदा) आवाज सोपवला जातो तो साधारण दोन-तीन हजारांच्या दरम्यान. तिथे सांधा नीट नसेल तर तानपुरा एकसंध वाटत नाही, अर्धा खाली अर्धा वर असं होतं. दुकानात जाताना नुसत्या तानपुऱ्याचं पाच मिनिटांचं रेकॉर्डिंग घेऊन जा, गिटारवाल्याला बाजूला बसवा.

पेठेतला_नाना
@जवारी, हर्ट्झचं मान्य. पण छाती भरली पाहिजे राव. कानाला कळतं ते कागदावर येत नाही.

साउंडचेक_सातारा
नानांची छाती भरायला सबवूफर लागेल, ए-एस३०१ ला सब आउट (सबवूफर जोडायची जागा) आहे, प्रश्न मिटला :)

न्यूजर्सीची_काकू
खोलीचं कोणी बोललंच नाही अजून! आमच्याकडे इकडे तळघरात नवऱ्याने असाच सेटअप केलाय, केईएफचे एलएस५० आहेत. तेच स्पीकर त्याने आधी ठाण्याला सासऱ्यांच्या फ्लॅटवर लावले होते तेव्हा नुसता घूं घूं. मला वाटलं बिघडले. मग कळलं की इथल्या भिंती म्हणजे लाकडी सांगाड्यावर जिप्समचे बोर्ड, खालचा आवाज त्यातून गळून जातो (वर स्वयंपाकघरात मला मिळतो तो फुकट). आपल्याकडे विटा नाहीतर आरसीसी, खाली टाइल्स, वर स्लॅब. खर्ज आत कोंडला की बाहेर जायला वाट नाही. तेव्हा तिकडचे रिव्ह्यू वाचून 'बेस कमी आहे' म्हणून मोठा डबा घ्यायला जाऊ नका. पुण्याच्या खोलीत तोच बेस दुप्पट वाटतो.

खर्जाचा_शेजारी
काकू हे भारी सांगितलंत. माझ्याकडे चारी बाजूंनी आरसीसी, फक्त खिडकीची बाजू सोडून.

मोजमाप
काकूंना दंडवत. आता आकडे.

आवाजाचा वेग सेकंदाला ३४३ मीटर. खोलीच्या लांबीची दुप्पट करायची आणि ३४३ ला तिने भागायचं, खोली स्वतःहून ज्या सुराला घुमते तो पहिला सूर मिळतो. तुमचे १२ फूट म्हणजे ४७ हर्ट्झ, १० फूट म्हणजे ५६, साडेनऊ फूट उंचीचा ५९. यातले शेवटचे दोन एकमेकांना चिकटून आहेत, म्हणजे ५५-६० च्या पट्ट्यात तुमची खोली डबल गुरगुरणार. खोली चौरस असती तर याहून वाईट. आणि तुमचा दिवाण मागच्या भिंतीला टेकलेला, तिथे लांबीचा सूर जास्तीत जास्त फुगतो. तिथे बसून कुठलाही स्पीकर ऐकलात तरी डग्गा ढोलासारखाच वाटेल.

दिवाण पुढे ओढा. भिंतीपासून साडेचार फुटांवर डोकं यायला हवं. बरोब्बर मधे नको, तिथे लांबीचा पहिला सूर गायबच होतो.

आता स्पीकर. त्याचा पुढचा चेहरा स्पीकरमागच्या भिंतीपासून जितका लांब, त्याच्या चौपट लांबीची जी लाट असेल ती भिंतीवर आपटून उलटी येते आणि मूळ आवाजाला खाते. चेहरा ६२ सेंटिमीटरवर असेल तर १३८ हर्ट्झ खाल्ला जातो. जवारीताईंचा आकडा बघा, तो काळी एकचा मध्य सा आहे.

डोंबिवलीकर_पामर
अरे बापरे, म्हणजे स्पीकर षड्जच खाणार? मग भिंतीजवळ सरकवा.

मोजमाप
४१ सेंटिमीटरवर आणलात तर २०८ जातो.

जवारी
२०८ म्हणजे काळी एकचा पंचम 😂

डोंबिवलीकर_पामर
मग सोपं आहे. ६२ वर ठेवू नका, ४१ वर ठेवा आणि फक्त मालकंस ऐका. त्यात पंचम नाहीच.

पेठेतला_नाना
हा या धाग्यातला सर्वोत्तम प्रतिसाद. तानपुराही मध्यमात लावलेला असतो. वाचनखूण साठवली.

साउंडचेक_सातारा
_/\_ _/\_ मारवाही चालेल.

मोजमाप
हसा. पण गायब होत नाही, दबतो, आणि तोही मूळ सूरच. त्याच्या वरचे स्वयंभू शाबूत असतात म्हणून आपल्याला सा ऐकू येतच राहतो, फक्त गायक जरा पोटातून बोलत नाही असं वाटतं. जागा असेल तर चेहरा ९० सेंटिमीटरपर्यंत पुढे आणा, मग खड्डा ९५ हर्ट्झला जातो. नसेल तर १०-१० सेंटिमीटर सरकवून कानाने ठरवा.

फॅब्रिकेशनवाला
स्टँडबद्दल कोणी विचारलं नाही तरी सांगतो, धंदाच तो. बाजारातले ८-१० हजारांचे स्टँड घेऊ नका. चौकोनी पाइप, वर ६ मिमीची पट्टी, खाली १२ बाय १२ चा कडप्पा. पाइपमध्ये कोरडी वाळू भरायची, चाळून आणि उन्हात वाळवून, ओली भरलीत तर आतून गंज. कडप्पा फरशीवाल्याकडे तुकड्यात मिळतो, स्वयंपाकघराच्या ओट्यांचे उरलेले तुकडे असतात. खाली फर्निचरचे रबरी बूट. माझे स्वतःचे नऊ वर्षांपूर्वीचे आहेत, मांजर उडी मारतं तरी हलत नाहीत.

उंची मात्र आधी ठरवा. खुर्चीत बसणार की खाली? खुर्चीत कान जमिनीपासून ९५-१०० सेंमीवर येतो, गादीवर मांडी घालून बसलात तर ७५-८० वर. ट्वीटर कानाच्या रेषेत हवा.

खर्जाचा_शेजारी
हाच घोळ आहे. मी दिवाणावर बसतो, पण मित्र आले की खाली सतरंजी टाकून बैठक होते. हिची पाठ धरते म्हणून ती खुर्चीत.

जवारी
मग तुमच्यासाठी केईएफचा मुद्दा आहे. त्यांचं युनी-क्यू म्हणजे ट्वीटर वूफरच्या पोटात, मधोमध. १९८८ पासून करतायत. बाकीच्या स्पीकरमध्ये ट्वीटर वर, वूफर खाली, तुम्ही वर-खाली झालात की दोघांपासूनचं अंतर वेगवेगळं होतं आणि सांध्याच्या पट्ट्यात आवाज बदलतो. एकाच केंद्रातून येत असेल तर खुर्ची काय आणि सतरंजी काय, फारसा फरक नाही. बैठकीच्या लोकांसाठीच केलाय जणू.

कोकणातला_बंदर
जाता जाता, सेकंडहँडच्या मोहात पडणार असाल तर. मी पाच वर्षांपूर्वी मुंबईतल्या एका दुकानातून जुने इंग्लिश स्पीकर उचलले, नाव घेत नाही, दिसायला झकास, लाकूड सागवानाला लाजवेल. दोन पावसाळे रत्नागिरीत काढले आणि एका रात्री आवाज फाटायला लागला. जाळी काढून वूफरच्या कडेला बोट लावलं तर शेवेचा भुगा पडावा तसा फोम पडला. वूफरच्या कडेची गोल पट्टी फोमची असते किंवा रबराची. फोम पंधरा-वीस वर्षांत कुजतोच, दमट हवेत त्याहून लवकर. रबर टिकतं. तर जुने घेताना दुकानदाराच्या देखत बोट लावून बघा, तो रागावला तर समजून जा.

दुरुस्तीला नवीन पट्टीचं किट मिळतं, मी स्वतः चिकटवली, तीन दिवस घरात फेव्हिकॉल नाही पण तसल्याच कशाचा तरी वास. अजून चालतायत.

पेठेतला_नाना
बंदरभाऊ, जुने म्हणजे एलएस३/५ए तर नव्हते ना? तसं असेल तर मी आत्ता यष्टी पकडतो.

कोकणातला_बंदर
नाना, असते तर मी मुंबईत फ्लॅट घेतला असता.

जवारी
आणि ३/५ए ला कुजायला फोमची पट्टी नसतेच, त्यात केईएफचा बी११० वूफर, रबराची कड. अवांतर: तो स्पीकर बीबीसीने सत्तरच्या दशकात बाहेरच्या प्रक्षेपणाच्या गाडीत बसवायला केला होता. गाडीतल्या माणसाला मोठा डबा मावत नव्हता म्हणून. आवाक्यात खर्ज फार नाही, आणि अँपकडून वॉट मागतो भरपूर, पण माणसाचा आवाज असा उभा करतो की समोर बसून गातोय. त्यांचं कामच ते होतं, निवेदकाचा आवाज बरोबर येतोय का हे बघणं. म्हणून तर म्हणते नाना, इंच मोजू नका.

पेठेतला_नाना
बरं बाई.

तार_सप्तक
वायरबद्दल कोणीच काही बोलत नाहीये हे बघून आश्चर्य वाटलं. मी चांदीचा मुलामा असलेली केबल लावल्यावर तबल्याची चाट एकदम

डोंबिवलीकर_पामर
आले. पॉपकॉर्न संपले होते, थांबा.

मोजमाप
तार_सप्तक, तुमचा अनुभव तुमचा. पण अडीच स्क्वेअरची साधी तांब्याची वायर मीटरला सात मिलिओहम. चार मीटर जायला, चार यायला, एकूण ०.०६ ओहमपेक्षा कमी. स्पीकर ८ ओहमचा. घरात पॉवरच्या प्लगला घालतात ती फिनोलेक्सची अडीच स्क्वेअर घ्या, टोकं नीट तासा, लाल-काळं उलटं लावू नका. एकाच स्पीकरचं उलटं लागलं तर मात्र खर्ज खरंच जातो.

तार_सप्तक
कानाला कळतं.

मोजमाप
डोळे बांधून कळतं का?

साउंडचेक_सातारा
इथे थांबूया, २०१६ चा धागा आठवतो, संपादकांना दोन दिवस झोप नव्हती. हलके घ्या.

@खर्जाचा_शेजारी, माझं मत वेगळंच आहे. दिवाणाच्या मागे काहीतरी मऊ लावा. अंड्याच्या ट्रेसारखा एक इंची फोम नको, तो नुसता वरचा आवाज मारतो, खोली बहिरी वाटते आणि खालची गुरगुर तशीच. ४८ डेन्सिटीचं रॉकवूल (दगडी लोकर), ५० मिमी जाडीचं, ४ बाय २ चे स्लॅब मिळतात, लाकडी फ्रेममध्ये घालून वरून खादी ताणायची. कोपऱ्यात दोन स्लॅब एकावर एक. हात आणि तोंड झाकून करा, खाज सुटते. आणि रॉकवूल नको असेल तर जुन्या कापसाच्या गाद्या उभ्या करा, हसू नका, जाड कापसाची गादी बरंच काम करते. माझ्याकडे आजीची लग्नातली आहे.

न्यूजर्सीची_काकू
आजीची गादी! आमच्या तळघरात आयकियाचं बुकशेल्फ आहे, त्यात वर्षानुवर्षांचे दिवाळी अंक. नवरा म्हणतो बाजूच्या भिंतीला पुस्तकं असली की आवाज विखुरतो. मला वाटतं ते टाकून द्यायला लागू नयेत म्हणून.

खर्जाचा_शेजारी
तीन आठवड्यांनी परत येतोय, उशीर झाला, क्षमस्व.

ओळखीने दोन जोड्या चार दिवसांसाठी घरी मिळाल्या, क्यू१५० आणि बी६.२. (डायमंड बाद झाले कारण ते दुकानदाराकडे डेमोचे नव्हते, आवाजाचा काही संबंध नाही.) मोजमाप यांनी तार_सप्तक यांना जे विचारलं तेच मला टोचत राहिलं म्हणून डोळे बांधायचं ठरवलं. डोळे नाही बांधले, आईचं जुनं मलमलचं पातळ होतं, दोरी बांधून स्पीकरच्या पुढे आडवं सोडलं, आरपार आवाज येतो पण दिसत नाही. अँपला ए आणि बी अशी दोन जोड्यांची बटणं आहेत. ही नाणं उडवायची, छापा आला तर ए, काटा आला तर बी, आणि कागदावर लिहायची. मी ओळखायचं.

पहिला शोध: एलॅक त्याच व्हॉल्यूमला जरा मोठ्याने वाजतात. आकडे बघितले तर ८७ डीबीचे, केईएफ ८६, आणि ६ ओहमचे आहेत म्हणून अँपकडून थोडं जास्तही घेतात. म्हणजे दुकानात मला जे 'भरदार' वाटलं ते बहुतेक हेच. फोनवरच्या मीटरने दोघांचा आवाज सारखा केला आणि मग नाणं.

दिवाणावर बसून (पुढे ओढलेल्या!) वीसपैकी ११ वेळा बरोबर.

खाली सतरंजीवर बसून वीसपैकी १७. खाली बसलं की एलॅकमध्ये तानपुऱ्याची जवारी जरा आत गेल्यासारखी वाटते, केईएफमध्ये तशीच राहते. जवारीताई, तुमचंच म्हणणं. स्टँड मी खुर्चीच्या उंचीचे धरले होते हेही खरं, एलॅक खाली घेतले असते तर निकाल बदलला असता कदाचित. पण मग खुर्चीतली माणसं वर गेली असती.

हिला विचारलं कुठला चांगला, ती म्हणाली तो जो खरखरत नाही तो.

मोजमाप
२० पैकी ११ म्हणजे तुम्हीही नाणंच उडवत होता. १७ म्हणजे खरंच कळतंय. उत्तम काम केलंत, इतकं कोणी करत नाही.

पेठेतला_नाना
वहिनींना नमस्कार सांगा. 'खरखरत नाही तो' म्हणजे? कुठला खरखरत होता?

खर्जाचा_शेजारी
दोन्ही! तेच सांगायचं राहिलं. खर्जात गायक जरा रेंगाळला की उजवीकडून भर्रर्र. आधी वाटलं एलॅकचा वूफर, मग केईएफ लावले तरी तेच. क्यू१५० घ्यायचं ठरलंय, उरलेल्या पैशात रॉकवूल, कडप्पा आज बघून आलो. पण हे भर्रर्र काय आहे ते कळल्याशिवाय पैसे द्यायला हात धजत नाहीये.

मोजमाप
स्पीकर नाही, खोलीतलं काहीतरी आहे. फोनवर सूर काढायचं अ‍ॅप घ्या, ४० पासून हळूहळू १०० पर्यंत चढवा, जिथे वाजेल तिथे थांबवून ठेवा आणि खोलीभर हात लावत फिरा. ज्याला हात लावल्यावर थांबतं तो चोर. बहुतेक खिडकीची काच.

कोकणातला_बंदर
किंवा कपाटाची कडी. माझ्याकडे गणपतीच्या मखराचा पत्रा निघाला होता.

खर्जाचा_शेजारी
सापडला. ६८ हर्ट्झला. काच नाही, कडी नाही. कपाटावर २०१९ ची जिल्हा स्पर्धेची उपविजेतेपदाची ट्रॉफी आहे, तिच्या लाकडी बैठकीवर नाव कोरलेला पत्रा, त्याचा एक खिळा सुटलाय. बोट ठेवलं की गप्प.

जवारी
६८! म्हणजे जवळजवळ काळी एकच्या खर्जातच लावलीय तिने. हलवा की मग.

खर्जाचा_शेजारी
चिठ्ठी आहे. फोन करून विचारलं तर म्हणाली बाबा तुम्ही हलवाल आणि परत उलटी ठेवाल, दिवाळीत येते तेव्हा बघू. तोवर पत्र्याच्या मागे सायकलच्या ट्यूबचा तुकडा सरकवलाय, ट्रॉफी जागेवरच आहे.

डोंबिवलीकर_पामर
आणि फोटो काढून ठेवा आधीचा. दिवाळीत पुरावा लागेल.

फॅब्रिकेशनवाला
कडप्पा पॉलिश केलेला घेतलात की खरवडलेला? पॉलिशचा असेल तर रबरी बूट घसरतात.